मेंदूतील दृष्टीचा नकाशा आणि आळशी डोळा

प्रश्न : आमच्या घरी चादरी विणण्याचा धंदा होता. नवी नक्षी आधी आलेखकागदावर चौकटी रंगवून काढली जाई आणि तिच्याबरहुकूम जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोके पाडली जात. डोळ्यांसमोरचे दृश्यही मेंदूत असेच चौकटीचौकटीने उतरते काय? हे विचारण्याचे कारण असे की, माझ्या सहा वर्षांच्या नातीला ‘आळशी डोळा’ (एका डोळ्याची नजर मंद राहणे) असल्याचे येथील नेत्रतज्ज्ञांनी सांगितले आहे. दोष डोळ्यापेक्षा मेंदूत अधिक आहे असे ते म्हणतात, आणि तरीही चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगतात.
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : आलेखकागदाची उपमा बऱ्याच अंशी जुळते. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, शेजारी पडलेले दोन ठिपके मेंदूच्या पार मागच्या भागात, प्राथमिक दृष्टिबाह्यकातही (डोळ्यांचे संदेश प्रथम जेथे पोचतात त्या मेंदूच्या बाहेरच्या पातळ थरातही) शेजारीच नोंदले जातात, त्यामुळे तेथे दृष्टिक्षेत्राचा खराखुरा नकाशा आहे असे म्हणता येते. तो उलटा आहे : नजरेच्या डावीकडचे सारे उजव्या गोलार्धात, उजवीकडचे डाव्या गोलार्धात, आणि वरचे दृश्य खालच्या काठावर. शिवाय त्याच्या चौकटी सारख्या मापाच्या नाहीत. नजर रोखलेल्या बिंदूपासून सुमारे १० अंशांपर्यंतच्या लहानशा भागाला या नकाशाची निम्मी किंवा त्याहूनही थोडी अधिक जागा मिळते, आणि उरलेल्या विस्तीर्ण परिघाला उरलेल्या जागेत भागवावे लागते. वाचताना शब्दावर नजर नेमकी ठेवावी लागते, त्याचे एक कारण हेच.

हा नकाशा प्रथम नीट उलगडला तो युद्धामुळे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात वेगवान गोळ्या कवटीतून आरपार जाऊनही अनेक जपानी सैनिक वाचले. त्यांच्या निवृत्तिवेतनासाठी दृष्टीची हानी मोजण्याचे काम तात्सुजी इनोये या तरुण नेत्रवैद्याकडे होते. गोळी शिरल्याच्या व बाहेर पडल्याच्या जागांवरून तिचा मेंदूतील मार्ग काढून, तो दृष्टिक्षेत्रातील आंधळ्या भागाशी ताडून पाहत त्यांनी १९०९ मध्ये नकाशा प्रसिद्ध केला. पुढे पहिल्या महायुद्धातील जखमींवरून ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी तो अधिक पक्का केला.

आता उपमा कोठे अपुरी पडते ते पाहू. कागदावरच्या चौकटीत एकच रंग भरलेला असतो. मेंदूत मात्र नकाशाच्या प्रत्येक जागी त्या जागेविषयीच्या अनेक प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या निरनिराळ्या चेतापेशी असतात. १९५८ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे मेंदूचे संशोधक मांजराच्या दृष्टिबाह्यकातील एका पेशीला प्रकाशाचे ठिपके दाखवीत होते, पण ती दाद देईना. ठिपका पाडणारी काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून गेली आणि ती पेशी एकाएकी जोरात प्रतिसाद देऊ लागली. तिला हवी होती विशिष्ट कलाची रेषा. सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या या थरात पृष्ठभागाला काटकोनात खाली उतरत गेल्यास वाटेतल्या बहुतेक पेशी एकाच कलाच्या रेषेला प्रतिसाद देतात. आडवे सरकल्यास तो कल क्रमाक्रमाने बदलतो, आणि माकडात साधारण १ मिलिमीटरच्या आत सगळे कल येऊन जातात. असे हे उभे स्तंभ. याखेरीज डाव्या आणि उजव्या डोळ्याचे वर्चस्व असलेले पट्टेही आलटून पालटून असतात. माणसात त्यांची रुंदी १ मिलिमीटरच्या आसपास भरते. या कामासाठी दोघांना १९८१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

येथे एक सावधगिरी मला आवश्यक वाटते. लोकप्रिय लेखनात हे स्तंभ म्हणजे पाहण्याच्या यंत्राचे अनिवार्य सुटे भाग असल्यासारखे रंगवले जातात. उंदरात निरनिराळ्या कलांच्या पेशी सरमिसळ विखुरलेल्या असतात. उत्तम नजर असलेल्या खारीतही कलांचे स्तंभ सापडत नाहीत, आणि तरी तिचे काही अडत नाही. त्यामुळे स्तंभांविना पाहताच येणार नाही असे मानण्यास आधार नाही.

नातीच्या डोळ्याकडे वळतो. मांजराच्या पिलाचा एक डोळा जन्मानंतरचे पहिले काही महिने मिटून ठेवला, तर नंतर तो उघडूनही दृष्टिबाह्यकातील फारच थोड्या पेशी त्याला दाद देतात, हे ह्यूबेल-वीझेल यांनी १९६३ मध्ये दाखवले. माकडांमध्ये मिटलेल्या डोळ्याचे पट्टे अरुंद झालेले आणि उघड्या डोळ्याचे रुंदावलेले आढळले. प्रौढ प्राण्यावर असा परिणाम होत नाही. माणसातील आळशी डोळा बहुधा तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांतील मोठ्या फरकामुळे होतो, आणि अशा व्यक्तींच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मोजक्या मेंदूंत पट्टे अरुंद झालेले दिसले नाहीत. म्हणून तो प्रयोग जसाच्या तसा येथे लावू नये. तत्त्व मात्र तेच राहते : दोन्ही डोळ्यांची मेंदूतील जोडणी बालपणी वापरातून पक्की होते आणि दुर्बल डोळा त्या चढाओढीत मागे पडतो. चांगला डोळा काही तास झाकला की मेंदूला दुर्बल डोळ्याकडून येणारे संदेश वापरावे लागतात.

नातीचे वय उपचाराला अनुकूल आहे. चष्मा सांगितला असल्यास पट्टीच्या वेळीही तो लावलेलाच हवा. पट्टीचे तास मात्र लवकर गुण यावा म्हणून घरच्या घरी वाढवू नयेत, कारण अति झाकल्याने क्वचित चांगल्या डोळ्याचीही नजर मंदावते. म्हणूनच नेत्रतज्ज्ञ ठरावीक अंतराने दोन्ही डोळे तपासायला बोलावतात.