झाडात विषाणू शिरला की त्याला ओळखतं कोण आणि थोपवतं कोण?

तुम्ही विचारलंय की झाडात ना रक्त, ना पांढऱ्या पेशी, मग विषाणूशी लढतं कोण? पुण्यात वनस्पतिरोगशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न वर्गात येतोच. ओळखायचं काम झाडाची प्रत्येक पेशी स्वतः करते. मारायचं म्हणाल, तर बऱ्याचदा विषाणूला कोणी मारतच नाही. त्याने जिथे बस्तान मांडलं ती पेशीच स्वतःला संपवते आणि तो तिथे अडकून पडतो.

यातलं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण तंबाखूचं. जंगली तंबाखूतून आलेलं ‘एन’ जनुक 1994 साली वेगळं काढलं गेलं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीत एरवी गप्प बसलेलं असतं. तंबाखूचा मोझॅक विषाणू (पानांवर चट्टे पाडणारा) आत आला की स्वतःच्या प्रती काढायला लागतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या त्याच्या प्रथिनाचा हेलिकेज नावाचा भाग ‘एन’ ओळखतं. मग ‘एन’च्या प्रती एकत्र येतात. या घराण्यातली प्रथिनं पेशीतला एनएडी हा रेणू तोडतात. त्यातून तयार होणारे छोटे रेणू ईडीएस-1 या प्रथिनाला जागं करतात, त्याच्या पुढची मदतनीस प्रथिनं पेशीच्या पटलात भोकं पाडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मरते. पानावर दिसतो तो फक्त एक तपकिरी ठिपका. दरम्यान धोक्याचा निरोप देणारं सॅलिसिलिक आम्ल वाढतं आणि ठिपक्यापासून लांबची पानंही सावध होतात. पेशी मेलीच पाहिजे असंही नाही. बटाट्यातलं ‘आरएक्स’ प्रथिन विषाणूच्या कवचाचं प्रथिन ओळखतं आणि बहुतेकदा ठिपकाही न पडता त्याला रोखतं.

‘एन’चं एक दुखणं आहे: तापमान 28 अंशांच्या वर गेलं की ते ढेपाळतं आणि विषाणू झाडभर पसरतो. आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी त्याचा काय पाड!

दुसरी फळी वेगळीच आहे. बहुतेक वनस्पती-विषाणूंची जनुकीय माहिती आरएनए या रेणूच्या साखळीत असते आणि प्रती काढताना दुहेरी आरएनए तयार होतो. डायसरसारखी प्रथिनं त्याचे 21-22 अक्षरांचे (म्हणजे साखळीतल्या कड्यांचे) तुकडे करतात. ते तुकडे आर्गोनॉट प्रथिनांत बसतात आणि जुळणारा विषाणूचा आरएनए शोधून कापला जातो.

विषाणूही कच्च्या गुरूचा चेला नाही. 2020 मध्ये जुन्नर, नारायणगावकडच्या शेतकऱ्यांनी टोमॅटोवर ‘तिरंगा व्हायरस’ म्हणून जो रोग सांगितला, त्यात काकडीचा मोझॅक विषाणू सापडला होता. या विषाणूचं ‘2बी’ प्रथिन नेमकी हीच कापाकापी बंद पाडतं, आणि सॅलिसिलिक आम्लाच्या निरोपातही खोडा घालतं.

गच्चीवरच्या टोमॅटोचं विचारलंत म्हणून सांगतो. विषाणू मारणारं फवारणीचं औषध नाही, दुकानदार काहीही म्हणो. पानं चुरडलेलं, पिवळट चट्ट्यांचं रोप उपटून टाका, विषाणू पसरवणारे मावा आणि पांढरी माशी आवरा. तंबाखू मळलेल्या हातांनी रोपांना शिवू नका. तंबाखूचा मोझॅक विषाणू सुक्या तंबाखूतही टिकतो. बियाण्याच्या पाकिटावर ‘विषाणूप्रतिकारक’ लिहिलं असेल तर कोणत्या विषाणूला, तेही वाचा. टोमॅटोतलं ‘टीएम-2 स्क्वेअर’ जनुक टोमॅटो मोझॅकला अनेक दशकं पुरून उरलं, पण इस्राएल-जॉर्डनमध्ये दहाएक वर्षांपूर्वी आढळलेला तपकिरी सुरकुत्यांचा विषाणू त्याला सहज चकवतो.