वाचकांचे प्रश्न : पोर्तुगीज पासपोर्ट आणि अमेरिकेचा ई-२ व्हिसा

प्रश्न : वेंगुर्ल्यात आमचा काजूचा कारखाना आहे. अमेरिकेत काजूविक्रीचं दुकान काढायचं आहे. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, बायकोकडे पोर्तुगीज. पैसा माझ्या वाट्याची जमीन विकून येईल. गुंतवणूकदाराच्या ई-२ व्हिसासाठी कुठले कागद जमवू?

उत्तर : मुख्य अर्ज वहिनींचाच हवा. ई-२ साठी लागणारा करार भारताचा अमेरिकेशी नाही, पोर्तुगालच्या नागरिकांना मात्र ई-२ मिळू शकतो. तुम्ही पती म्हणून सोबत जाऊ शकता; त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागेल. कंपनीत वहिनींची मालकी किमान 50 टक्के आणि कारभार त्यांच्या हाती हवा.

खरी कसरत पैशाचा माग दाखवण्यात आहे. सातबारा, फेरफार, नोंदणीकृत खरेदीखत, बँकेत आलेली रक्कम, आयकर विवरणपत्र, तुम्ही वहिनींना दिलेलं बक्षीसपत्र आणि परदेशी पाठवल्याची बँकेची पावती : एकही दुवा तुटता कामा नये. आपल्याकडे सातबाऱ्यावर सामाईक हिस्सेदारांची भली मोठी यादी असते. तुमचा हिस्सा वेगळा दिसत नसेल, तर पैसा नक्की कुणाचा, हा प्रश्न येणारच. वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र आधी नोंदवा, विक्री मग. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा, त्यावर भाषांतरकाराची सही हवी.

नुसती खात्यात पडून असलेली रक्कम गुंतवणूक धरत नाहीत. दुकानाचा भाडेकरार, यंत्रांची बिलं, मालाच्या ऑर्डरी दाखवा. किमान रकमेचा ठरीव आकडा नाही, पण धंदा फक्त तुमचं घर चालण्यापुरता वाटला तर अर्ज अडतो. म्हणून 5 वर्षांचा आराखडा आकड्यांसकट द्या.