‘आविष्कार’ आधी खाली ठेवा

गुहागरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: मुलांनी विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर ‘दुर्बिणीच्या शोधामुळे युरेनसचा शोध लागला’ असं लिहिलं. परीक्षकांनी पहिला ‘शोध’ खोडून ‘आविष्कार’ केलं. नवी वस्तू बनवणं आणि असलेली सापडणं, दोन्हींना एकच शब्द कसा चालेल, हा त्यांचा मुद्दा. बरोबर कोण?

मुलं. परीक्षकांचा ‘आविष्कार’ हिंदीतून आलाय. मराठीत आविष्कार नृत्याचा असतो, गाण्याचा असतो, फार तर संतापाचा. दुर्बिणीचा नसतो. आणि संस्कृतचाच आधार घ्यायचा तर ‘आविस्’ म्हणजे उघड, डोळ्यांसमोर. दडलेलं उघड करणं तो आविष्कार. म्हणजे तो खोडून लिहायचाच होता तर दुर्बिणीला नव्हे, युरेनसला लावायचा! पेन चुकीच्या जागी फिरलं.

शोध ‘लागतो’ की ‘लावतात’ हेही बाईंनी जाता जाता विचारलंय. दोन्ही. आमच्याकडे जांभा फोडत खाली गेलं की विहिरीला पाणी लागतं. तसा शोध लागतो. माणसाला श्रेय द्यायचं असेल तर त्यानं शोध लावला. पुढे जाऊ.

खरी गंमत ‘शोध’मध्ये आहे. धातू ‘शुध्’, म्हणजे स्वच्छ होणं. वैद्य बिब्बा विटकरीच्या भुकटीत घोळवून, धुऊन घेतात, ते त्याचं शोधन. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे आजही कायद्यातली दुरुस्ती. आणि नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित ही आपली कोकणातली माणसं ज्या पंचांगशोधनात गुंतली होती, तिथे हरवलेलं पंचांग कुणी शोधत नव्हतं. आकाशाशी न जुळणारं गणित साफ करणं चाललं होतं.

एका भाषाशिबिरात एका विद्वानांनी मला ऐकवलं, की हा अर्थ जुना झाला, ‘शोध’ म्हणजे आता फक्त हुडकणं. मला हे अजिबात मान्य नाही. ग्रहांच्या बाबतीत तर शोध म्हणजे साफसफाईच, आणि तीही दोनदा.

पहिली यंत्राची. विल्यम हर्शेल हा इंग्लंडातल्या बाथ गावचा वादक. दुर्बिणीचे आरसे घरीच ओतायचा, तांबं आणि कथील वितळवून. आमसुलानं घासलेला तांब्या आमच्या खाऱ्या हवेत चार दिवसांत पुन्हा काळवंडतो. हे आरसेही तसेच मंदावत आणि पुन्हा घासायला लागत. एकदा एका आरशावरून त्यानं सलग १६ तास हात उचलला नाही. बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती. असाच घासलेला, सहा इंचांहून जरासा मोठा आरसा लावून त्यानं १३ मार्च १७८१ रोजी युरेनस टिपला.

दुसरी साफसफाई यादीची. युरेनस तोवर कुणाला दिसला नव्हता असं थोडंच आहे? फ्लॅमस्टीड या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं १६९० मध्येच तो पाहिला आणि ताऱ्यांच्या यादीत ‘३४ टॉरी’ म्हणून टाकला. तांदळात खडा राहावा तसा तो तिथे ९० वर्षं पडून होता. हर्शेललाही आधी तो धूमकेतूच वाटला. कक्षेचं गणित झालं तेव्हा ग्रह ठरला. नेपच्यूनचं तेच. गॅलिलिओनं १६१२ च्या डिसेंबरात तो पाहिला, टिपूनही ठेवला, पण तारा समजून. दिसणं म्हणजे शोध नव्हे! २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगत होता आणि डारेस्ट नव्या नकाशावर ताडून पाहत होता. ‘हा नकाशात नाही’ म्हटल्यावर नेपच्यूनचा शोध लागला, तोही फ्रेंच गणिती लव्हेरियेनं कागदावर गणितानं काढलेल्या जागेपासून एका अंशाच्याही आत. तांदूळ निवडणं आणखी कशाला म्हणतात?

प्लूटो तर दोन छायाचित्रं आलटून पालटून पाहताना सापडला. जानेवारी १९३० मधल्या, सहा दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा. सगळे तारे जागच्या जागी, एकच ठिपका उडी मारतोय. पुढे २००६ मध्ये ग्रहांच्या यादीचंच शोधन झालं आणि प्लूटो निवडून बाहेर काढला गेला. त्या विद्वानांना हे सांगायचं राहून गेलं.

हं, फलक. एका वाक्यात दोनदा ‘शोध’ कानाला खटकत असेल तर ‘दुर्बीण आली म्हणून युरेनसचा शोध लागला’ असं करा. नुसती दुर्बीण असेल तर ‘र्बी’ दीर्घ, ‘दुर्बिणीच्या’ म्हणताना ऱ्हस्व. शब्द फारसी ‘दूरबीन’चा, शेवटचा ‘ण’ तेवढा आपला.