विलगीकरणातला पहिला आठवडा: एकच गोष्ट धरा

विलगीकरणात एकटं असताना काय काय करायचं, याची तुम्ही पाठवलेली यादी वाचली. चित्रकला, नवी भाषा, योगासनं, दहा पुस्तकं. उत्साह छान आहे, पण सगळं एकदम नको. २०२० मध्ये मीही असाच धडाका लावला होता, चौथ्या दिवशी सगळंच बारगळलं. टिकलं ते फक्त चित्र.

म्हणून तुम्हीही तेच धरा. पेन्सिल आणि पाठकोरे कागद पुरेत, रंग-ब्रश मागवत बसू नका. अर्धा भरलेला काचेचा पेला खिडकीशी ठेवा आणि रोज त्याच वेळी २० मिनिटं तोच काढा. वरून पाहताना पेल्याची कड लंबगोल दिसते आणि खालची पाण्याची कड त्याहून जरा जास्त गोल. हे एकदा डोळ्यांना दिसलं ना, की वेळ कसा जातो कळत नाही!

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- सतत खोडत बसणं. आठवडाभर खोडरबर लांबच ठेवा.
- मोबाईलवर इतरांची चित्रं बघून खट्टू होणं.
- ताप असताना ओढूनताणून बसणं. तेव्हा सरळ झोपा.

प्रत्येक कागदावर तारीख घाला. छायाप्रकाशाचं नंतर बोलू. पहिलं चित्र जमेल तसं काढा आणि मला नक्की दाखवा.