'एका-मँगनीज' की 'एक-मँगनीज'?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न : मुलाच्या रसायनशास्त्राच्या नोट्समध्ये टेक्नेशियम या मूलद्रव्याचं जुनं नाव 'एका-मँगनीज' असं दिलंय. यातला 'एका' कुठला? मुलगा विचारतो, "एका मँगनीजला काय झालं?"

ताई, पोराचा कान तयार आहे. मराठीत 'एका' आला की पुढे विभक्ती येणारच : एका दमात, एका पातेल्यात. घोळ नोट्स लिहिणाऱ्याने घातलाय. हा संस्कृतातला सरळ 'एक' आहे. न सापडलेल्या मूलद्रव्यांना नवी नावं कशाला, म्हणून मूलद्रव्यांची आवर्तसारणी (पीरियॉडिक टेबल) मांडणाऱ्या मेंडेलीवने 1871 मध्ये ओळखीच्या नावाआधी संस्कृत अंक जोडले : एक, द्वि, त्रि. आवर्तसारणीत मँगनीजखालचं पहिलंच घर रिकामं, म्हणून एक-मँगनीज. त्याच्या खालचं द्वि-मँगनीज, म्हणजे 1925 चं ऱ्हेनियम. रोमन लिपीतून फिरून येताना 'योग'चा 'योगा' झाला, तसाच हा 'एका'. देवनागरीत तरी 'एक'च लिहावं. (पाणिनी वाचून मेंडेलीवला हे सुचलं, असं हौसेने सांगतात, ते अनुमानच समजा.)

हे पहिलं घर भरायला मात्र 1937 उजाडलं. अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना वेग देणाऱ्या यंत्रात) ड्यूटेरॉन या कणांचा मारा खाल्लेली मॉलिब्डेनम या धातूची पट्टी शास्त्रज्ञ लॉरेन्सने चक्क टपालाने इटलीत पालेर्मोला धाडली. तिच्यात तिथल्या सेग्रे आणि पेरिए यांना आवर्तसारणीतला क्रमांक 43, म्हणजे हेच एक-मँगनीज, सापडला. माणसाने घडवलेलं हे पहिलं मूलद्रव्य, म्हणून ग्रीकमधल्या 'कृत्रिम' या अर्थाच्या शब्दावरून नाव ठेवलं टेक्नेशियम. याचं एकही समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) स्थिर नाही. सगळ्यांत टिकाऊ समस्थानिकाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं विरून जायला लागणारा काळ, सुमारे 42 लाख वर्षं. पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची, तेव्हा मूळचा साठा कधीच संपला. युरेनियमच्या खनिजात नव्याने तयार होतं ते अगदी नाममात्र.

आपल्या कामाचं समस्थानिक टेक्नेशियम-99एम. बोन स्कॅनला (हाडांच्या तपासणीला) टोचतात ते हेच. अर्धायुष्य सहा तास, म्हणून आणून साठवता येत नाही. दवाखान्यात येतो तो मॉलिब्डेनम-99 भरलेला शिशाच्या कवचातला जनरेटर. या मॉलिब्डेनमचंच हळूहळू टेक्नेशियम होत राहतं. त्यातून सलाईन सोडलं की ताजं टेक्नेशियम उतरतं. तिथली माणसं जनरेटरला 'काऊ' आणि या कामाला 'मिल्किंग' म्हणतात. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धार काढून देतात, तोच हिशोब. मराठीत बेलाशक 'धार काढणे' म्हणावं.

वहीत 'एक-मँगनीज' करून घ्या. परीक्षेत मात्र त्याला टेक्नेशियमच लिहू दे.