वाचक विचारतात : वाहून आलेले लाकूड आणि मिठाची बाधा

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेली लाकडे आणि शिंपले जमवून मी बगळ्याचे शिल्प केले. पाच महिन्यांतच लाकडावर पांढरी भुकटी दिसू लागली, लोखंडी स्क्रूंभोवती तपकिरी डाग पडले आणि सिलिकॉनने चिकटवलेले शिंपले गळू लागले. व्हार्निशचे दोन हात देऊनही असे का व्हावे?

उत्तर : भुकटी आणि डाग या दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे लाकडात राहून गेलेले मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि महिनोन्महिने त्यात भिजलेले लाकूड ते खोलवर शोषून घेते. उन्हात पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. हवा दमट झाली की हेच मीठ ओल धरते आणि लोखंड गंजवते. हवा कोरडी झाली की ते पृष्ठभागावर फुलून येते. जुन्या भिंतीला लोणा लागतो, तसाच हा प्रकार आहे. व्हार्निशने उलट ओल आत कोंडली गेली.

यापुढे लाकूड आधी गोड्या पाण्यात पूर्ण बुडवून, दर दोन दिवसांनी पाणी बदलत ठेवावे. मनगटाएवढ्या जाडीच्या तुकड्याला मी निदान तीन आठवडे देतो. काम झाले की नाही हे कळण्यासाठी काळ्या बशीत दोन थेंब शेजारी शेजारी वाळवावेत, एक भिजवणीच्या पाण्याचा आणि एक नळाच्या पाण्याचा. पहिल्याचे पांढरे कडे दुसऱ्याहून ठळक असेल, तर भिजवणे चालू ठेवावे. नळाचे पाणी जड असल्यास त्याचेही कडे उमटते, म्हणून ही तुलना आवश्यक आहे. नंतर लाकूड सावलीत, सावकाश वाळवावे. घाईने उन्हात ठेवल्यास ते तडकते. सांध्यांना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू किंवा लाकडी खुंट्या वापराव्यात. (उरलेले तुकडे शेकोटीत टाकू नयेत. खारट लाकडाच्या धुरात डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात.)

शिंपल्यांचा दोष मात्र मिठाचा नव्हे. ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून अॅसेटिक आम्ल सुटते. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने आम्लाने त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि पकड सुटते. शिंपल्याची चिकटवायची बाजू ओल्या पॉलिशपेपरने खरखरीत करून, धुऊन, वाळवून इपॉक्सीने बसवावी. शंख उचलताना आत जीव नाही ना, हे अवश्य पाहावे. काही खेकडे रिकाम्या शंखांतच बिऱ्हाड करतात.

इतके करूनही शिल्प उघड्यावर ठेवले, तर लाकूड आज ना उद्या कुजणारच. डेबोरा बटरफील्ड या अमेरिकन शिल्पकर्तीने त्यावर वेगळीच वाट काढली आहे : लाकडांपासून घोडा रचायचा, मग ती लाकडे ब्रॉन्झमध्ये ओतून घ्यायची आणि त्यांवर लाकडासारखी रंगछटा चढवायची. घरी जमणारी ही गोष्ट नव्हे, तेव्हा आपल्या बगळ्याने छपराखालीच राहावे.

प्रश्न : किनाऱ्यावर सापडलेले प्लॅस्टिकचे तुकडे फिकट दिसतात. शिल्पात बसवण्यापूर्वी ते रंगवावेत का?

उत्तर : माझ्या मते रंगवू नयेत. तो फिका पडलेला निळा, दोरीच्या घर्षणाने झिजलेली ती कड, हाच त्या तुकड्याचा इतिहास असतो आणि रंगाखाली नेमका तोच पुसला जातो. टोनी क्रॅग या ब्रिटिश शिल्पकाराने १९७८ मध्ये ऱ्हाईन नदीच्या काठी सापडलेले प्लॅस्टिकचे तुकडे न रंगवता, केवळ इंद्रधनुष्याच्या क्रमाने जमिनीवर मांडले होते. आपणही आधी रंगांनुसार ढीग करून पाहावेत. पुष्कळदा रचना तिथेच सुचते. मात्र प्रत्येक तुकडा बोटांनी हलकेच वाकवून पाहावा. अतिनील किरणांनी ठिसूळ झालेला तुकडा लगेच कडकन मोडेल, आणि असा तुकडा शिल्पात न घेतलेलाच बरा, कारण पुढे त्याचा चुरा पुन्हा वाळूतच जाईल.