पीचवरचा नारळ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आजीने पाठवलेला तो जुना फोटो बघून तू रविवारी गाडीत विचारलंस, "बाबा, क्रिकेटच्या पीचवर नारळ कशाला? मराठी लोक जिंकायला देवाला लाच देतात का?" मी हसून वेळ मारून नेली. नंतर रात्रपाळीत तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहितोय. मुद्दाम मराठीत. अडलं तर आईला विचार, पण पहिल्या ओळीलाच नको.

आधी एक सांगतो. जिंकायला नव्हता तो नारळ. तो जागेसाठी होता.

आमच्या क्लबाची सगळी गोष्ट त्या जागेचीच आहे, कारण क्लबाला स्वतःचं मैदान कधी नव्हतंच. गोव्यात फोंड्याच्या बाजूला आमचं गाव. पावसाळ्यात भाताचं शेत, कापणी झाली की तेच मैदान. दिवाळी उलटली की पोरं खोडवे उपटायची, घरच्या अंगणासारखं पीच चोपण्याने चोपायची आणि शेणाने सारवायची. दोन दिवस वाळलं की चेंडू गुडघ्याएवढा उडायचा, तिसऱ्या दिवशी घोट्याखालून सरपटायचा. आमच्या फलंदाजांची सगळी कारणं त्या शेणातून आलेली.

गोव्यात हा खेळ तसा उशिरा रुजला. पोर्तुगिजांच्या राज्यात फुटबॉल. क्रिकेट मुंबईत, आणि मुंबईला नोकरीला असलेले आपले लोक चवथीला नाहीतर मे महिन्यात घरी आले की त्यांच्याबरोबर बॅट यायची. दिलीप सरदेसाई मडगावचे, पण क्रिकेटसाठी त्यांना मुंबईच गाठावी लागली. १ डिसेंबर १९६१ला ते कानपूरला इंग्लंडविरुद्ध आयुष्यातली पहिली कसोटी खेळायला उतरले, तेव्हा त्यांचं मडगाव अजून पोर्तुगिजांकडे होतं. गोवा सुटला त्यानंतर अठरा दिवसांनी. वेस्ट इंडीजमध्ये १९७१ साली त्यांनी मालिकेत ६४२ धावा केल्या, तेव्हा आमच्या वाड्यावरच्या प्रत्येक पोराचं आडनाव काही दिवस सरदेसाई होतं, असं आजोबा सांगायचे.

क्लब काढला तो मुक्तीनंतर पाचसहा वर्षांनी, गावच्या मराठी प्राथमिक शाळेतल्या मास्तरांनी. जमाखर्चाची वही त्यांच्या वळणदार अक्षरात, शुद्ध मराठीत. "चेंडू एक, शिवण उसवल्याने बाद." मैदानावर मात्र सगळी शिवीगाळ कोकणीत. आपलं घरही तसंच, हे तुला ठाऊक आहेच: बोलायचं कोकणीत, आरती, नाटक आणि पत्र मराठीत. हे "मराठी लोक" करतात का, याचं एका शब्दात उत्तर मला आजही देता येत नाही.

पीचवर अंथरायच्या मॅटिंगसाठी पैसे हवे होते, तर देवळाच्या उत्सवात नाटक बसवलं. स्त्रीपार्टी आमचा विकेटकीपर. चेंडू पकडताना मोडलेलं बोट त्याने पदराखाली लपवलं होतं.

आता नारळ. सुरुवातीला शेत भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं. त्याच्याकडे जाऊन विचारलं की काम झालं. पण कुळकायद्याच्या १९७६च्या दुरुस्तीने कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. फार चांगली गोष्ट, आपल्या पणजोबांनाही त्यात तुकडा मिळाला. क्लबाची मात्र पंचाईत झाली, कारण आमचं मैदान आता सात घरांचं होतं. मास्तर दरवर्षी सातही घरी जाऊन विचारायचे. कोणी म्हणे मेर, म्हणजे शेताचा बांध, मोडायची नाही. एकाने फाइन लेगला मिरची लावली. तिथे चेंडू गेला की दोन धावा, आत कोणी जायचं नाही. भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, चेंडू मारला तर षटकार नाही, सरळ बाद. टीव्हीवरचं क्रिकेट बघून ही गोष्ट कोणाला पटत नाही.

सात घरं झाली की आठवा राखणदार. गावाची वेस सांभाळणारा, ज्याचं नाव रात्री आजी मोठ्याने घेत नाही तो. हंगामाच्या पहिल्या मॅचला त्याला गाऱ्हाणं घालायचं. गावातले जाणते आजोबा पीचच्या टोकाला नारळ घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "देवा म्हाराजा, आज हीं भुरगीं तुज्या जाग्यार खेळपाक आयल्यांत. चूकमाक जाल्यार पोटांत घाल, आनी सगळ्यांक बऱ्यान घरा धाड." आम्ही सगळे: "व्हय म्हाराजा!"

जिंकू दे, असं त्यात कुठेच नाही बघ. समोरच्या गावचा संघही आमच्याबरोबर उभा असायचा आणि आमच्यापेक्षा मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचा. एक भकल राखणदाराला, उरलेलं खोबरं गुळाबरोबर दोन्ही संघांना. अंपायरला जरा मोठा तुकडा मिळायचा. त्याला तू लाच म्हणालीस तर मी वाद घालणार नाही.

फोटोत डावीकडून तिसरा, ढगळ पँटवाला, तो मी. त्याच्या काही वर्षं आधी, १९८९च्या ऑक्टोबरात, मडगावात फातोर्ड्याच्या मैदानावर ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका खेळले. आमचा अख्खा क्लब कदंबच्या बसने गेला होता. परत येताना मास्तर एवढंच म्हणाले, "मैदान बरं आहे. गाऱ्हाणं घातलं असेल ना कोणीतरी?"

ते शेत आता नाही. सातपैकी चार तुकडे विकले गेले, वर लाल मातीचा भराव पडला. क्लब आहे अजून, शाळेच्या मैदानावर खेळतो. तिथेही पहिल्या मॅचला नारळ फुटतो, फक्त आधी हेडमास्तरांची सही लागते.

शनिवारी तुझी मॅच. इथल्या, लेस्टरच्या मेल्टन रोडवरच्या दुकानातून शेंडीवाला नारळ आणून ठेवलाय. पण तुमच्या मैदानाची निगा राखणारे ते टोपीवाले आजोबा आहेत ना, रोलर फिरवणारे, त्यांना तू आधी विचार. पीचपासून लांब, कुंपणाजवळ फोडू म्हणावं. ते हो म्हणाले तरच आणतो. गूळ आईकडे आहे.

तुझा,
बाबा